इंजिन ऐकायचा स्टेथोस्कोप: पावसाळा ते उन्हाळा वापरून

डॉक्टरांकडे असतो तसाच, फक्त पुढे चकतीऐवजी लांब पोलादी सळई. गेल्या पावसाळ्यात घेतला. माझी ११० सीसीची स्कूटर रोज खानापूर ते बेळगावची उद्यमबाग धावते. चाळीसच्या पुढे मागून डावीकडून घरघर यायला लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये सरळ सांगितलं, क्रँक बेअरिंग (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्यावर फिरतो ते) गेलं, इंजिन उतरवावं लागेल. एवढा मोठा खर्च नुसत्या अंदाजावर करायचा नव्हता.

सळई कुठेही टेकवली तरी घरघर ऐकू येते, कारण ॲल्युमिनियमच्या केसिंगमधून आवाज सगळीकडे पसरतो. म्हणून रेस तीच ठेवून जागा बदलत जायचं: हेड (सिलिंडरचं डोकं), क्रँककेसची (क्रँकभोवतीच्या कवचाची) डावी बाजू, मॅग्नेटोची (क्रँकच्या टोकाला वीज बनवणाऱ्या चाकाची) बाजू, मागचा गिअरबॉक्स. हेडवर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, टिकटिक ऐकू येते. ती क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडते, म्हणून संथ वाटते. मेन बेअरिंग झिजलं असेल तर क्रँककेसवर जाड, सलग घरघर येते आणि रेसबरोबर चढते. माझ्या गाडीचा आवाज सगळ्यात स्पष्ट मागे, गिअरबॉक्सवर होता.

तरी खात्री हवी होती. ओळखीचे मेस्त्री म्हणाले, "आधी बेल्ट काढून बघूया की." इंजिनाची ताकद मागच्या गिअरबॉक्सला नेणारा बेल्ट उतरवला, क्रँकवरचा नट परत आवळला आणि इंजिन थोडा वेळ फक्त आयडलवर ठेवलं. क्रँककेस दोन्ही बाजूंनी स्वच्छ. फॅन कव्हर काढून मॅग्नेटो वर-खाली हलवून पाहिला, ढिलेपणा नाही. मग मागचं चाक हाताने फिरवलं आणि सळई गिअरबॉक्सवर धरली. खरखर तिथेच! रस्त्यावर थ्रॉटल सोडल्यावरही आवाज गाडीच्या वेगाबरोबर उतरत होता, इंजिनाच्या रेसबरोबर नाही. त्याचं कारण आता कळलं: गिअरबॉक्स चाकाबरोबर फिरतो.

गिअर ऑइल काढलं तर दुधाळ. आमच्याकडे मलप्रभा नदीला पाणी चढलं की सखल पुलांवरून पाण्यातूनच गाडी काढावी लागते, तेच पाणी आत शिरलेलं. बेअरिंग खोलून त्यावरचा नंबर वाचून तसंच आणलं. बेअरिंगच्या ६२०० मालिकेत नंबराचे शेवटचे आकडे ०३ म्हणजे आतला व्यास १७ मिमी, ०४ म्हणजे २०. नंबरानंतर सी३ असेल तर तेही जुळवा, त्यात आतली मोकळीक जास्त असते. सील नवीनच टाकलं. इंजिनाला हात लावावा लागला नाही.

उणिवाही आहेत. मॅग्नेटोच्या बाजूला फॅनचा आवाज इतका की तिथलं बारीक काही कळत नाही. इअरटिप कडक आहेत, कान दुखतात. नळ्या सायलेन्सरजवळ नेऊ नका, माझी एक आत्ताच ताठरली आहे. कव्हर उघडं असताना सळई फिरत्या भागांपासून लांब धरा.

आता दर गिअर ऑइल बदलताना त्याच चार जागा ऐकतो. ज्यांना स्वतः कव्हर उघडायचं नाही, त्यांनी हे घेऊन उपयोग नाही.