'रॉबर्ट ई. ली'चं लाकडी किट, १:१५०

१८६६ची ही मिसिसिपीची आगबोट, दोन्ही बाजूंना चाकं. १८७०च्या शर्यतीत 'नॅचेझ'ला मागे टाकणारी तीच. या मापात मॉडेल साधारण ५८ सेंटिमीटर भरतं.

तळ सपाट असल्यानं लाकडी पट्ट्या फक्त नाळेपाशीच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, वळवाव्या लागतात. २० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, वळवून चिमटे लावा आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. कोल्हापूरच्या जुलैत ओलसर पट्टी चिकटवलीत तर दिवाळीपर्यंत फटी पडणार म्हणजे पडणारच. सुपरग्लू दमट हवेत पांढरट डाग सोडतो, फेव्हिकॉल बरा.

खरी कसोटी चाकांची. नजरेच्या अंदाजानं आरे चिकटवले की चाक लंगडं फिरतं. पुठ्ठ्यावर वर्तुळ आणि आऱ्यांच्या रेघा आखा, मधोमध टाचणी रोवा, त्यावर आरे बसवा. पाणी लोटणाऱ्या फळ्या सगळ्यात शेवटी.

हॉग-चेनसाठी दिलेला सुती दोरा मात्र बाजूलाच ठेवा. खऱ्या बोटीची टोकं खाली झुकू नयेत म्हणून तिथं लोखंडी सळया ताणलेल्या असत, आणि इथं दोरा हवा बदलेल तसा लोंबतो! गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एखाद्या कारागिराकडून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार ओढून घ्या, काळी रंगवा. कठड्याच्या पट्ट्या कापताना तुटतात, ब्लेड नवं लावा.