प्लेलिस्टसाठी पिच, सशुल्क साइट की क्युरेटरला मेल?

गाणं मास्टर होऊन तयार आहे, डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर चढवणारी कंपनी) ठरलाय, आता प्लेलिस्टसाठी जोर कुठे लावायचा एवढंच ठरायचंय, असं धरून चालतो. लेबल पाठीशी नसलेल्यांपुढे खरे पर्याय तीन. स्पॉटिफायच्या आर्टिस्ट डॅशबोर्डमधून त्यांच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना पिच करायची, म्हणजे गाणं सुचवायचं; सबमिटहब किंवा ग्रूव्हरसारख्या साइटवर पैसे भरून क्युरेटरांपर्यंत, म्हणजे आपापल्या प्लेलिस्ट चालवणाऱ्यांपर्यंत, जायचं; नाहीतर छोट्या प्लेलिस्ट चालवणाऱ्यांना आपणच शोधून लिहायचं.

‘इतके हजार स्ट्रीम नक्की’ म्हणणारे चौथे गृहस्थही भेटतात. त्यांना इथेच बाजूला काढू. पैसे देऊन प्लेलिस्टमधली जागा घेणं स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही, आणि २०२४ पासून एखाद्या गाण्यावर उघडउघड बनावट स्ट्रीम सापडले तर त्याचा भुर्दंड लेबलवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर पडतो. डिस्ट्रिब्युटर तो स्वतःच्या खिशातून भरेल अशा भ्रमात राहू नका.

संपादकांची पिच फुकट आहे, त्यामुळे ती करावी की नाही हा प्रश्नच नाही. तिच्यावर किती भिस्त ठेवायची हा आहे. ती फक्त रिलीज न झालेल्या गाण्यासाठी असते आणि एका वेळी एकाच गाण्याची करता येते. संपादक गाणं उचलतील ही आशा मी सहसा बाळगत नाही. मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. रिलीजच्या किमान सात दिवस आधी पिच केली, तर ते गाणं फॉलोअर्सच्या शुक्रवारच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या लिस्टमध्ये, जातं. त्यासाठी कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात, ती स्वतःच्या सांगीतिक प्रवासावर उधळू नयेत. गाण्यात काय वाजतंय, ते कुठल्या मूडचं आहे आणि रिलीजच्या आठवड्यात तुम्ही त्यासाठी काय करणार आहात, एवढं पुरे. निवड झाली तर कळतं. झाली नाही तर गाणं कुणी ऐकलं का, हेही कळत नाही. ही शांतता सोसायची तयारी हवी. अ‍ॅपल म्युझिकला पिच जाते ती डिस्ट्रिब्युटरमार्फत, तेव्हा ती सोय आपल्या पॅकेजमध्ये आहे का हे आधी विचारा. अ‍ॅमेझॉनचा वेगळा फॉर्म त्यांच्या आर्टिस्ट अ‍ॅपमध्ये आहे.

सशुल्क साइटचं सुख नेमकं उलट. तिथे उत्तर येतं. ग्रूव्हरवर क्युरेटरने सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर क्रेडिट, म्हणजे पैसे भरून घेतलेलं तिथलं नाणं, परत मिळतं. सबमिटहबवरही पैसे भरलेल्या गाण्याला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. पैसे ऐकण्याचे आणि अभिप्रायाचे असतात, जागेचे नाहीत, आणि हा फरक कागदावरचाच नाही; नकार भरपूर येतात. काही अभिप्राय खरोखर कामाचे असतात, बरेचसे ‘प्रॉडक्शन छान, पण माझ्या लिस्टला जमत नाही’ या साच्यातले. त्यात २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर स्पॉटिफाय त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही. नवा माणूस या साइटकडे वळतो यात नवल नाही.

माझं मन उडालं ते नकारांमुळे नाही, होकारामुळे. अशाच एका साइटवरून माझं एक संथ, शब्दांवर तोललेलं गाणं अभ्यासाच्या वेळी मागे वाजत ठेवायच्या लिस्टमध्ये गेलं. क्युरेटरला ते मनापासून आवडलं होतं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. आकडे चढले. गाणं आपल्याकडे सेव्ह करून ठेवणारे मात्र जिथल्या तिथे. त्या लिस्टवर येणारी माणसं गाणं ऐकायला येतच नव्हती, त्यांना शांततेला थोडा आवाज हवा होता. मग माझ्या प्रोफाइलखाली ‘याच श्रोत्यांना हेही आवडतं’ म्हणून जी कलाकारांची रांग दिसते, तिच्यात पावसाचे आवाज आणि लो-फाय बीट करणारी मंडळी येऊन बसली. शेजार बदलला की येणारे पाहुणेही बदलतात. पुढचं गाणं ऑटोप्लेमधून ज्यांच्या कानावर गेलं, त्यांना मुळात गाणारा आवाजच नको असावा. ती माणसं स्ट्रीम मोजली जायला लागणारी ३० सेकंदंसुद्धा थांबत नव्हती. त्या लिस्टमुळेच हे झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, अल्गोरिदमच्या पोटात काय चालतं ते बाहेरून दिसत नाही. पण नंतर ते गाणं काढून घ्या म्हणून त्या क्युरेटरच्या मागे मलाच लागावं लागलं. आत घ्यावं म्हणून पैसे मोजायचे आणि बाहेर काढावं म्हणून विनवण्या करायच्या, हे काही मला झेपलं नाही.

स्वतः लिहिण्याचा रस्ता कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. आपल्यासारखं गाणाऱ्या, आपल्याहून थोड्याच मोठ्या कलाकारांची प्रोफाइल उघडायची, ‘डिस्कव्हर्ड ऑन’मध्ये त्यांची गाणी कुठल्या लिस्टमध्ये आहेत ते पाहायचं. डेस्कटॉपवर प्रत्येक गाणं लिस्टमध्ये कधी आलं ती तारीख दिसते; त्यावरून लिस्ट जिवंत आहे की कुणी टाकून दिलीय, ते लगेच समजतं. लिस्टच्या वर्णनात बऱ्याचदा इन्स्टाग्राम किंवा मेल असतो. लिहिण्याआधी ती लिस्ट खरंच ऐका, आणि आपलं गाणं तिथल्या कुठल्या दोन गाण्यांच्या मधे शोभेल ते मेलमध्ये लिहा. माझ्या अनुभवात या एका वाक्याने जेवढी उत्तरं आणली, तेवढी कुठल्याच प्रेस किटने (फोटो-परिचयाच्या संचाने) आणली नाहीत. समोरून पैशांची मागणी आली तर आभार मानून पुढे जा.

बहुतेकजण उत्तर देत नाहीत. पण ज्यांनी गाणं घेतलं, त्यांतल्या काहींनी पुढचंही आपणहून विचारलं, आणि शे-दोनशे फॉलोअरवाल्या अशा लिस्टवरून आलेले श्रोते प्रोफाइलवर येऊन जुनी गाणीही चाळतात असं मला दिसलं. शेजारच्या रांगेत आता ओळखीचे आवाज आहेत.

तरीही सशुल्क साइट सगळ्यांसाठीच वाईट, असं म्हणवत नाही. पहिलंच गाणं आहे, फॉलोअर जवळजवळ नाहीत म्हणजे रिलीज रडारचाही फारसा उपयोग नाही, आणि तुमची शैली तिथे भरपूर चालणारी आहे, इंडी पॉप किंवा इलेक्ट्रॉनिक, तर थोडे पैसे लावून पाहायला हरकत नसावी. फक्त फॉलोअरचा आकडा पाहून क्युरेटर निवडू नका. त्याची लिस्ट अर्धा तास ऐका. आपलं गाणं तिथे खटकणार असेल तर क्रेडिट वाचवा.

पिच आणि मेल दोन्ही करणार असाल तर गाणं डिस्ट्रिब्युटरकडे महिनाभर आधी द्या. डॅशबोर्डमध्ये ते दिसायलाच काही दिवस जातात, आणि रिलीज झालं की पिचचं बटण त्या गाण्यापुरतं संपलं. मधल्या आठवड्यांत प्रायव्हेट लिंक जोडून मेल पाठवता येतात. रिलीजच्या दिवशी खरी लिंक त्याच मेलखाली जोडायची, नवा मेल करायचा नाही.