नेरुळच्या अंगणातलं कृत्रिम गवत: पावसाळ्यात पास, जोडात नापास

जाडी, स्टिच, यूव्ही गॅरंटी हे सगळे विचारतात. गवताची लव, म्हणजे उभी पाती, कुठल्या बाजूला झुकलीय, हे कोणी विचारत नाही आणि गवत टाकणाराही आपणहून सांगत नाही. ठेकेदाराशी आमचं सगळं भांडण त्यावरूनच झालं, म्हणून आधी तेच लिहिते.

रो-हाउसचं पुढचं अंगण, 11 बाय 16 फूट. 35 मिमीचं गवत, चौरस फुटाला ₹62, मागच्या फेब्रुवारीत टाकलं. रोल 2 मीटर रुंद, म्हणजे साधारण साडेसहा फूट. त्यामुळे एक अख्खा पट्टा आणि शेजारी साडेचार फुटांचा दुसरा. बिल मात्र दोन्ही अख्ख्या पट्ट्यांचं: अंगण 176 चौरस फूट, पैसे 208 चे. कापून उरलेला माल गिऱ्हाइकाच्या माथी, हा या धंद्यातला रिवाज आहे. तो मी मान्य केला. पण फुकट जाणाऱ्या मालाचेही पैसे मोजल्यावर काम तरी धड नको का? कामगारांनी एक पट्टा गेटकडून उलगडला आणि दुसरा दाराकडून, कारण तसं ओढायला सोपं पडत होतं.

मखमलीचं ब्लाउज शिवताना शिंपी सगळे तुकडे एकाच दिशेने कापतो, नाहीतर बाही वेगळ्या रंगाची दिसते. इथे तेच झालं. लव आपल्याकडे झुकलेली असेल तर गवत गडद, भरगच्च दिसतं. पलीकडे झुकलेली असेल तर फिकट आणि चकाकतं. ओट्यावर बसलं की डावीकडे गडद, उजवीकडे फिकट आणि मधोमध सोळा फूट सरळ रेघ. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, ब्रश मारा, बसेल." कडक नायलॉनचा ब्रश आणून उलट्या दिशेने रोज मारला. पाती उभी राहिली, पण रेघ तिथेच राहिली. ती जाणारही नव्हती, कारण पाती विणतानाच एका बाजूला कललेली असतात.

एप्रिल-मेमध्ये दुसरा त्रास. दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. खऱ्या गवतातून पाण्याची वाफ होत राहते म्हणून ते गार राहतं. हे प्लास्टिक नुसतं तापतं. पाणी मारलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. सासूबाई सकाळी आठच्या आत तुळशीला पाणी घालून आत येतात, त्यामुळे घरात कोणाची अडचण झाली नाही. पण दुपारी लहान मुलांना खेळायला म्हणून कोणी हे टाकणार असेल तर सावलीची सोय आधी करा.

मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी सरळ "टाकू नका" म्हटलं असतं. पावसाळ्याने माझं मत बरंचसं बदललं. आमच्याकडे भरावाची मुरमाड जमीन, पूर्वी जुलैत पायरीपर्यंत चिखल व्हायचा. या वेळी धो धो पाऊस कोसळून थांबला की थोड्याच वेळात गवतावरून चपलेशिवाय चालता यायचं. याचं श्रेय गवताला कमी आणि खालच्या कामाला जास्त. गवताच्या पाठीला भोकं असतात, पण खाली पाणी मुरायला जागाच नसेल तर त्या भोकांचा काय उपयोग? आम्ही माती काढून खडी, तिच्यावर ग्रिट म्हणजे बारीक कच, धुमसाने ठोकून चेंबरकडे उतार आणि वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) असं करून घेतलं होतं. ठेकेदार आहे त्याच मातीवर अंथरायला निघाला होता. यजमान तिथे उभे राहिले म्हणून खडी पडली. नळाजवळच्या सावलीत मात्र शेवाळ धरलं, ते घासावंच लागतं. शेजारच्या गुलमोहराची बारीक पानं पात्यांत अडकतात, ती झाडूने निघत नाहीत. त्यांना व्हॅक्यूमच लागतो.

आणि जुलैतच तो जोड उकलला. दोन पट्टे जोडायला खालून जी टेप असते, तिला लावलेलं सोल्यूशन (गोंद) मध्येमध्ये लागलंच नव्हतं, काठ बोटाने उचलला जायचा. आता मात्र मी ठाम राहिले. शेवटचे ₹3,000 मी फेब्रुवारीपासून त्या रेघेपायीच दिले नव्हते. ठेकेदाराचं म्हणणं, गॅरंटी रंग उडण्याची आहे, टाकण्याची नाही. मी म्हटलं, मग लहान पट्टा फिरवून लावा. तो फिरवता येत नव्हता: चेंबरच्या झाकणासाठी आणि तुळशी वृंदावनासाठी त्यातच कापा घेतलेल्या, फिरवला तर दोन्ही भोकं भलतीकडे जाणार. नवा पट्टा टाकायचे त्याने 104 चौरस फुटांचे ₹6,448 मागितले. चूक त्याची आणि पैसे मी भरायचे, हे मला मुळीच पटलं नाही. फोटो आणि सगळे मेसेज त्याला पुन्हा पाठवले. शेवटी गणपतीनंतर माल त्याचा, आणि काम झाल्यावर माझे ₹3,000, असं ठरलं.

नवा पट्टा टाकण्याआधी मी त्याच्याकडून दोन्ही पट्ट्यांच्या पाठीवर मार्करने बाण काढून घेतले, दोन्ही घराच्या दिशेने. जोड आता पक्का आहे, बोट जात नाही. पण नवा पट्टा दुसऱ्या लॉटमधला, म्हणजे कारखान्यात वेगळ्या खेपेला बनलेला निघाला. हिरव्यात किंचित निळसर झाक आहे, सकाळच्या तिरप्या उन्हात कळते. आधीच्याइतकी खटकत नाही, तरी दिसते.

त्यामुळे ऑर्डर देताना बिलावर दोन ओळी लिहून घ्या: सगळे पट्टे एकाच लॉटचे आणि लव घराकडे. रोल दारात आला की पाठीवरचा लॉट नंबर तुम्ही स्वतः वाचा, मगच कात्री लावू द्या.