हिरवं कुलूप: अनपेवॉल वर्षभर वापरल्यावर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मृगबागेतली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीची, रोपं उपटून फेकायची वेळ आली. आमच्या यावल-रावेरकडे झड लागून राहिली की सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाची (कुकुंबर मोझॅक व्हायरस) धास्ती असतेच. कोवळ्या पानावर पिवळे पट्टे येतात, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, सडतो. सासरे म्हणाले, "तीनदा फवारलं ना बेटा, मग औषध गेलं कुठं?" एमएस्सी मी झालेली, उत्तर मलाच देता यायला हवं होतं.

लॅपटॉप उघडला. नेमका हवा तो संशोधनाचा पेपर सापडला आणि सारांशाखालीच पैशांची चौकट! एका पेपरचे तीस-पस्तीस डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. बरं, तो कामाचा आहे का, हे पैसे भरल्यावरच कळणार. लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यातला रुपयाही मिळत नाही, याची मला जास्त चीड येते.

जळगावला विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीने अनपेवॉल टाकून दिलं. २०१७ पासून चालू असलेलं हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे, पूर्ण फुकट. पेपरचं पान उघडलं की उजव्या कडेला छोटं कुलूप दिसतं. हिरवं आणि उघडं असलं तर दाबायचं, पूर्ण पेपर समोर. कुणाचं कुलूप फोडणं नाही की चोरी नाही. लेखकांनी आपल्या विद्यापीठाच्या किंवा सरकारी संग्रहात रीतसर ठेवलेली प्रत ते शोधून देतं. पैशांआडचे पेपर परवानगीशिवाय फुकट देणारी साय-हब ही साइट भारतात बंद करायचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. इथे तशी टांगती तलवार नाही.

त्या रात्री हिरव्या कुलपातून उत्तर मिळालं. मावा ही रस शोषणारी कीड सीएमव्हीचा विषाणू काही सेकंदांत उचलते आणि तितक्याच झटपट दुसऱ्या रोपाला देते. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. रोगट रोप लगेच काढायचं आणि विषाणूला थारा देणारी काकडीवर्गीय पिकं बागेपासून लांब ठेवायची. आमच्या तर बांधावरच गिलक्याचे वेल होते! यंदा सासऱ्यांनी ते स्वतः उपटले.

उणिवा आहेत. पुष्कळदा, विशेषतः जुन्या पेपरला, कुलूप करडंच राहतं. मोबाइलच्या क्रोमवर हे चालत नाही आणि गावात लॅपटॉप किती जणांकडे असतो? सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या पेपर फुकट वाचू देणाऱ्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले. पण ती सोय सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना. ज्याच्या बागेत रोग येतो, तो बाहेरच.

तरी पाचपैकी साडेचार. कुलूप करडं दिसलं तर पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, त्यावर दोन ओळी लिहा. मी तिघांना लिहिलं, दोघांनी दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली. एकाने तर बागेचे फोटो मागवून घेतले.