जुनं हायस्कूल: दुरुस्त करायचं, की पाडून नवं बांधायचं?

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, तरी पावसाळा लागला की गावोगावचे फोन सुरू होतात. कधी मुख्याध्यापकांचा, कधी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा, कधी पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या दहावीच्या जुन्या बॅचचा. प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, हायस्कूल दुरुस्त करावं, की पाडून नवीनच मागावं?"

मी उलट विचारतो, कुठली इमारत? कारण जिल्हा परिषदेचं जुनं हायस्कूल म्हणजे एक इमारत क्वचितच असते. रस्त्याकडेला लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेआधीच्या काळातली दगडी भिंतींची, सागवानी कैच्यांची (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांची), मंगलोरी कौलांची लांबलचक ओळ. तिच्या मागे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्लॅबच्या खोल्या. आणि बाजूला, पूर्वी जिथे खो-खोचं मैदान होतं तिथे, गेल्या वीसेक वर्षांत वेगवेगळ्या योजनांतून आलेल्या दोन-चार वर्गखोल्या. तिन्हींचं वय वेगळं, दुखणं वेगळं. एकाच अंदाजपत्रकात तिन्ही कोंबली की पैसे रंगावर जातात आणि गळती तशीच राहते.

त्यामुळे खालची तुलना खोलीगणिक लावून बघा. सगळ्या शाळेला एकच उत्तर निघालं, तर मोजणीत काहीतरी चुकलंय असं समजा.

दगडी कौलारू की स्लॅबची: धोका कुठे जास्त?

ग्रामसभेत विचारलं तर दहातली नऊ माणसं दगडी इमारतीकडे बोट दाखवतात. जुनी आहे, कौलं फुटलीत, मांजरं फिरतात, पाडा. माझा अनुभव बहुतेक ठिकाणी उलटा आहे. कौलारू छप्पर बिघडतं ते डोळ्यांसमोर. कौल सरकतं, रीप कुजते, वासा वाकतो, पाणी टपकतं. प्रत्येक तुकडा सुटा काढता येतो आणि बदलता येतो. गावातला सुतार आणि दोन गडी लावले तर एका सुट्टीत चार खोल्यांची कौलं उतरवून, रिपा बदलून पुन्हा चढतात. सागवानी कैचीचं लाकूड आतून शाबूत असलं, तर तसं लाकूड आज विकत घेणं कुठल्याही जिल्हा परिषदेला परवडणार नाही. कैचीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे मात्र टोच्या खुपसून बघा, वाळवी तिथूनच लागते.

दगडी इमारतीची खरी परीक्षा भिंतीत असते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात घरं पडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार दगड नव्हते, वर धाब्याच्या मातीचं ओझं होतं. थर सुटे झाले आणि भिंती फुटल्या. म्हणून भिंतीला ओळंबा लावून बघा. भिंत पोटातून फुगली असेल, कोपऱ्यात उभी भेग वरपासून खालपर्यंत गेली असेल, सांध्यातून माती निघत असेल, तर दुरुस्तीचा विषयच बाजूला ठेवा. सांधे चुन्याचे आणि घट्ट असतील, भिंत ओळंब्यात असेल, तर ती तुमच्या माझ्या नंतरही उभी राहील. फक्त तिला सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. वर सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे निघतात. चुना मळून देणारा कारागीर शोधावा लागतो, हे मान्य. पण शोधला की सापडतो.

आता स्लॅब. तिचं दुखणं आतलं. 2000 साली काँक्रीटची भारतीय संहिता बदलली आणि सळईच्या कामाला किमान एम-20 दर्जाचं काँक्रीट बंधनकारक झालं. त्याआधी त्याहून कमी ताकदीचं एम-15 चालत असे, आणि खेड्यात ते घमेल्याने मोजून, हाताने कालवून टाकलेलं. छताच्या सळईखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम अर्धा इंच. अशा काँक्रीटमध्ये हवा आणि ओल हळूहळू सळईपर्यंत पोचतात आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून खालचं काँक्रीट ढलपे होऊन सुटतं. हे सगळं चालू असताना वरून स्लॅब सपाट, खालून रंग दिलेला, भिंतींवर पाढे आणि फळांची चित्रं! बोलक्या भिंती रंगवायला माझी हरकत नाही, पण ओल्या गिलाव्यावर रंग चढवणं म्हणजे दुखणं झाकणं.

ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची खोली पावसात कोसळली, तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळा पडून सात मुलं गेली. दोन्ही वेळा महिना पावसाचा. पाणी मुरलेली इमारत जड होते आणि नेमकी शाळा भरलेली असताना बसते. म्हणून छताखाली सळई दिसू लागली की त्या खोलीचा वर्ग त्याच दिवशी व्हरांड्यात किंवा देवळात हलवा, कागदपत्रं मागाहून करा.

घरच्या घरी करायची तपासणी सोपी आहे. लाकडी दांड्याने छत खालून ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आला तर आत पोकळी आहे, तिथे खडूने गोल करा. नंतर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाकडून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या. काँक्रीटवर हातोडा आपटून घेतात त्या हॅमर टेस्टवर थांबू नका, ती फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. दोन-तीन जागी आवरण फोडून सळई किती उरली ते मोजायला लावा.

दुरुस्ती की निर्लेखन (इमारत बाद ठरवून पाडणं)

स्लॅबची प्रामाणिक दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढणं, गंज घासणं, गंजरोधक लावणं, सळई बारीक झाली असेल तर नवी जोडणं आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरणं. हे महाग आहे आणि त्यात चोरी करायला भरपूर वाव आहे. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा मारून बिल निघाल्याचं मी पाहिलंय, एकदा तर त्याच गिलाव्याचा तुकडा पुढच्याच वर्षी रिकाम्या बाकावर पडला. दुरुस्तीचं अंदाजपत्रक नव्या खोलीच्या निम्म्याच्या वर जायला लागलं, की मी नव्या खोलीच्या बाजूने बोलतो. खराबी एका कोपऱ्यात, मोरीच्या किंवा पन्हळीच्या बाजूला एकवटली असेल तर दुरुस्ती. सगळ्या छतावर पसरली असेल तर नाही.

नव्या इमारतीची बाजू उघड आहे: पुढची चाळीस-पन्नास वर्षं, भूकंपात भिंती बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे, 1:12 उताराचा रॅम्प, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह, संगणक कक्षाला पुरेल अशी वायरिंग. तोटा मात्र कुणी बोलून दाखवत नाही. पाडण्याची मंजुरी आणि बांधण्याचा निधी ही दोन वेगळी कागदं आहेत, आणि ती एकत्र येत नाहीत. निर्लेखन प्रस्ताव मंजूर होतो, लिलावात सागवान आणि कौलं जातात, जागा मोकळी होते. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मध्ये निवडणूक आली की आचारसंहिता. तोवर सातवी आणि आठवी एका खोलीत पाठीला पाठ लावून. अशी दोन वर्षं गेली की पालक पोरांना तालुक्याच्या खासगी शाळेत घालतात आणि पट घटतो. मग वरून विचारणा होते, एवढ्या पटाला इतक्या खोल्या कशाला?

म्हणून धोकादायक खोली बंद करायला क्षणाचाही उशीर नको, पण पाडायला घाई करू नका. कुलूप, दोरी, फलक लावा, मुलं भिंतीजवळही फिरकणार नाहीत असं कुंपण घाला, आणि नव्याची प्रशासकीय मान्यता हातात आल्यावरच लिलाव पुकारा. भिंत आजच पडेल अशी असेल तर अर्थातच हा हिशोब लागू नाही.

गळणाऱ्या स्लॅबवर काय: कोबा, रसायन की पत्रा?

वीटतुकड्यांचा कोबा गवंड्यांच्या हातातला आहे, म्हणून पहिली सूचना तीच येते. पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो भरतं. माणसं वर जातील असं धरून छत आखलं तरी हिशोबात वरचा भार धरतात 150 किलो. वीस बाय पंचवीस फुटांच्या खोलीवर एक कोबा म्हणजे नऊ टनांच्या वर. आणि जुना कोबा न काढता त्यावर दुसरा टाकण्याची आपल्याकडे रीत आहे! गळतंय म्हणून आधीच अशक्त झालेल्या स्लॅबच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा करण्यासारखं ते आहे. कोबाच हवा असेल तर आधी जुना उतरवा.

रसायनाचा लेप किंवा डांबरी मेंब्रेन हलकं असतं, पण ते सगळं खालच्या तयारीवर अवलंबून. पृष्ठभाग कोरडा हवा, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात गोलाई हवी, पन्हळीचं तोंड नीट बसवलेलं हवं. मग निदान एक दिवस-रात्र पाणी साठवून चाचणी. शाळेच्या कामावर देखरेखीला रोज कोण थांबणार? आणि क्रिकेटचा चेंडू काढायला पोरं गच्चीवर जाणारच.

तिसरा मार्ग स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्र्याचं छप्पर. दिसायला गोठ्यासारखं, म्हणून पाहुण्यांना आवडत नाही. पण पाणी पहिल्याच पावसात थांबतं, वजन नगण्य, आणि उन्हाळ्यात खालची खोली सावलीत राहते. खांबाच्या पट्ट्या भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावरच बसवायच्या, स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही. वादळात पत्रा उडू नये म्हणून बोल्ट मोजून घ्यायचे. गंजलेली सळई याने बरी होत नाही, पण गंजाचं पाणी तोडलं जातं. अजून दहाएक वर्षं काढायची आणि तोवर नव्या खोल्यांसाठी पाठपुरावा करायचा, अशा शाळेला मी डोळे मिटून पत्रा सुचवतो.

पैसा आणि सुट्टी

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान 101 ते 250 पटाला वर्षाला 50,000 रुपये आणि 251 ते 1000 पटाला 75,000. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ डागडुजी. यातून कौलं बदलतील, स्लॅब नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी मोठ्या कामाला खरा आधार, पण त्याची यादी वर्षाच्या सुरुवातीला बनते. छायाचित्रं आणि ऑडिट जोडलेला प्रस्ताव त्याआधी गेलेला हवा. आमदार-खासदार निधीचा ओढा नव्या बांधकामाकडे. कंपन्यांच्या सामाजिक निधीचाही तसाच. कोनशिला लागते तिथे पैसा येतो, पन्हळीला कुणी देणगीदार मिळत नाही. म्हणून लोकवर्गणी आणि माजी विद्यार्थ्यांचे पैसे नेमके अशा न दिसणाऱ्या कामांसाठी राखा: पन्हळी, मोरी, अर्थिंग, स्वच्छतागृहाची टाकी. नव्या प्रवेशद्वाराच्या कमानीचा मोह होतो, तो टाळा.

वेळेचं गणित आणखी कडक. मेच्या सुट्टीत दीड महिना मिळतो. वीस फुटी गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 14 दिवस काढता येत नाहीत, त्याआधी भिंती, त्याआधी पाया. शिवाय मे महिन्यात गावाला प्यायला टँकर येतो, क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कुठलं? तेव्हा उन्हाळ्यात छप्पर, पत्रा, वायरिंग, स्वच्छतागृहं उरकावीत. नव्या खोल्यांचा पाया दिवाळीनंतर घ्यावा, विहिरींना पाणी असताना. आणि गळती शोधायची ती जुलैत, छत्री घेऊन वर्गावर्गात फिरून. जानेवारीत कोरड्या छताखाली बसून केलेलं अंदाजपत्रक मी तरी सही करण्याआधी दोनदा बघायचो.

ठेकेदार मार्चअखेरीला मुख्याध्यापकांकडे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही मागायला येईल. सही देताना त्यावर हाताने एक ओळ लिहा: छताची पाण्याची चाचणी अमुक तारखेला घेतली, किंवा घेतलेली नाही. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या काळात, पुन्हा गळलं तर तुमच्या बाजूने तेवढा एकच कागद असतो.