कोवळं की मुरलेलं?

मे अर्ध्यावर आला की वूर्डनमधल्या आमच्या चीजच्या दुकानाबाहेर खडूने लिहिलेली पाटी लागते: नवं ख्रासकास, म्हणजे गवताचं चीज, आलं. वूर्डन म्हणजे नेदरलँड्समध्ये उट्रेख्त आणि गौडा (इथले लोक म्हणतात खाउदा) यांच्या मधलं, कालवे आणि कुरणांनी वेढलेलं छोटं गाव. पाटी लागली की नव्याने राहायला आलेलं कुणी ना कुणी मराठी माणूस विचारतंच, "हे नवीन घेऊ, की सगळे सांगतात ते जुनं?" मीही नऊ वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन त्या काउंटरसमोर उभा होतो. दोन्ही घेऊन झाली, दोन्ही खाऊन झाली. आता जे सांगतोय ते एका घरातल्या फ्रिजवरून. तुमच्या घरी वेगळं निघू शकतं.

इथल्या चीजच्या मुरण्याच्या पायऱ्या अशा: योंग म्हणजे कोवळं, बेलेखन म्हणजे मध्यम मुरलेलं, औदे म्हणजे जुनं. ख्रासकास त्यातल्या पहिल्याच पायरीवर बसतं, पण त्याची गंमत वयात नाही, दुधात आहे. हिवाळाभर गोठ्यात मुरघास खाल्लेल्या गाई एप्रिलच्या सुमारास बाहेर सोडतात. दार उघडलं की सहाशे किलोच्या त्या बाया अक्षरशः चौखूर उधळतात, आणि हे बघायला लोक पोरंबाळं घेऊन जातात. आम्हीही दरवर्षी जातो. आमच्या बैलपोळ्यालासुद्धा जनावरांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिलेला नाही. त्या कोवळ्या गवतावरच्या पहिल्या दुधाचं जे चीज होतं ते पाचसहा आठवड्यांत दुकानात येतं. रंगाला जास्त पिवळं, हाताला जास्त मऊ. कारण आपल्याकडच्या आज्यांना चांगलं माहीत होतं. हिरवा चारा मिळाला की गाईचं तूप पिवळं होतं आणि लवकर थिजत नाही. गवतातलं कॅरोटीन दुधात उतरतं आणि स्निग्धांशही थोडा मवाळ होतो. तीच गोष्ट इथे चाकाएवढ्या चीजमध्ये दिसते.

औदे म्हणजे जुनं. दहा महिने ते वर्षभर लाकडी फळीवर, उलटंसुलटं करत मुरवलेलं. त्याहून पुढचं ओव्हरयारिख. दाताखाली पांढरे कण करकरतात, ते मीठ नव्हे. प्रथिनं फुटून तयार झालेले टायरोसिनचे स्फटिक असतात. पहिल्यांदा खाताना मला वाटलं होतं, साखर पडली की काय. चवीला खारट, मग थोडं जळक्या साखरेसारखं, मग टाळूला जरा चुरचुर. इथले लोक ते मोहरीच्या चटणीबरोबर खातात. मी एकदा सहज गुळाच्या खड्याबरोबर खाल्लं आणि तेव्हापासून मोहरी बंद केली. करून बघा. गूळ मात्र काळसर हवा.

नुसत्या चवीचा निकाल विचाराल तर मी जुन्याकडे झुकेन, हे आधीच सांगून टाकतो. ख्रासकास त्याच्यासमोर लाजरं वाटतं. दूध, लोणी, किंचित गवताचा वास, संपलं. पाहुण्यांसमोर ठेवलं तर "हं, छान आहे" म्हणतात आणि हात शेंगदाण्यांकडे जातो. जुनं ठेवलं की ताटली रिकामी होते आणि कुठून आणलंत ते विचारतात.

मग अडलं कुठे? सकाळी सात वाजता.

इथल्या शाळेत दुपारचा डबा म्हणजे बोटरहाम. पावाचे दोन तुकडे, मध्ये चीज. गरम डबा वगैरे लाड नाहीत. म्हणजे शाळेच्या दिवशी रोज सकाळी दोन पोरांसाठी चीजचे पातळ काप काढायचे, तेही अर्धवट झोपेत. त्यासाठी घरोघरी ते पसरट हत्यार असतं, मधे पातं बसवलेलं. नॉर्वेतल्या एका सुताराने १९२५ मध्ये रंध्यावरून त्याची कल्पना काढली, आणि खरोखर तो रंधाच आहे. लाकडावरून जसा पातळ सालपा निघतो तसा चीजवरून काप निघायला हवा. ख्रासकासवरून निघतो. जुन्यावर पातं टेकवलं की ते अर्ध्या वाटेत अडकतं, मग जोर लावला की घसरतं, आणि हातात येतो तो काप नसून चुरा. तो चुरा पावात भरून डबा बंद केला की दुपारी पोरगी परत आणते कोरडा पाव आणि तळाशी पिवळी वाळू. "बाबा, चीज सांडलं." एका फेब्रुवारीत पातं सटकून अंगठ्याच्या पेरावर बसलं आणि त्या दिवशी मी पावाला नुसतं लोणी लावून पाठवलं.

दुकानातल्या बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. जुन्याला हे हत्यार लावायचंच नसतं म्हणे. जाड सुरी घ्यायची, तोडायचं, संध्याकाळी ग्लासाबरोबर खायचं. बरोबर आहे. दोष चीजचा नाही, मी त्याला ऑफिसच्या वेळेला राबवत होतो. पण आमच्या घरात चीज जातं ते सकाळीच. संध्याकाळी वरणभात असतो.

ख्रासकासचे नखरे नाहीत असं नाही. उन्हाचे चार दिवस आले की घामेजतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आतून ओलं होतं आणि दहाव्या दिवशी कडेला बुरशीचा ठिपका दिसतो. मेणकागदात ठेवा आणि अर्ध्या किलोवर एकदम घेऊ नका. कापताना फार गार असलेलं बरं, नाहीतर पात्याला चिकटतं. योंग चीजसाठी भोकाभोकांचं वेगळं पातं मिळतं, ते घेतलंत तर तोही त्रास जाईल. जुनं याबाबतीत गरीब स्वभावाचं, फ्रिजच्या कोपऱ्यात तीन आठवडे विसरलात तरी तक्रार करत नाही. महिन्यातून एकदा दुकानात जाणाऱ्याने, किंवा गावी नेण्यासाठी घेणाऱ्याने जुनंच घ्यावं हे मी मोकळेपणाने सांगतो. कस्टमचं ज्याचं त्याने पाहावं.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट. शेतावरच्या पारंपरिक बूरेनकासमध्ये बहुधा वासराचं रेनेट (दूध घट्ट करणारं, त्याच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असतं, कोवळं असो वा मुरलेलं. काउंटरवर विचारलं की स्पष्ट सांगतात, आणि शाकाहारी रेनेटचं चीज वेगळं मिळतं. माझी आई मे महिन्यात आली होती तेव्हा मी हे आधी विचारून ठेवलं. तिने तसल्या ख्रासकासचा काप गरम थालीपिठावर ठेवला, तो कडेने सैल होऊन भोकात उतरला, आणि ती म्हणाली, "लोण्याची सवय मोडेल याने." मी जुनं किसून घातलेलं थालीपीठही केलं होतं. ते तिने निम्मं खाल्लं आणि पाणी मागितलं.

भावाबद्दल म्हणाल तर जुनं महागच पडतं. वर्षभर फळी अडवून बसलेलं, पाणी उडून वजन घटलेलं, भाडं कुणीतरी द्यायचंच. सणासुदीला, चार माणसं येणार असतील तेव्हा त्या पैशाचं चीज होतं. एरवी अर्धा तुकडा चुरा होऊन फुकट जात असेल तर तो भाव मला तरी पटत नाही.

आणखी एक, जे मला दोनेक वर्षांनी कळलं. ही दोन वेगळी चीजं नाहीतच. मेच्या त्या गवताच्या दुधाची काही चाकं विकली जात नाहीत, मागच्या खोलीत राहतात, आणि पुढच्या वर्षी औदेच्या फळीवर येतात. म्हणजे आज कोवळं घेतलं म्हणून मुरलेलं हातचं गेलं असं होत नाही, ते थांबतं. उलटं मात्र होत नाही. जुलै उलटला की पाटी पुसतात.

इथे अर्धा किलोला अजून 'पोंड' म्हणतात. पोंडभर मागितलं की बाई सुरी डोळ्याच्या अंदाजाने लावतात, तुकडा काट्यावर ठेवतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "थोडं जास्त झालं तर चालेल?" अगदी आपल्या वाण्यासारखं. जुनं घेताना मी म्हणतो, नको, तेवढंच द्या. मे-जूनमध्ये म्हणतो, चालेल.