बीएस-६ गाडी: केबिन झकास, खदानीच्या लायनीत मात्र डोकेदुखी

वणी, घुग्गुस, माजरी, उमरेडच्या कोळसा खदानीवर किंवा गडचांदूरच्या सिमेंट लायनीवर चालणाऱ्या डायवरला नव्या गाडीबद्दल विचारलं, की पहिलं वाक्य केबिनच्या कौतुकाचं येतं आणि दुसरं शिवीचं. दोन्ही खरी आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात नवी गाडी म्हणजे बीएस-६ (भारत स्टेज-६, धुराच्या प्रदूषणाची सरकारी मर्यादा पाळणारी), आणि एप्रिल २०२३ पासून तिचा आणखी कडक दुसरा टप्पा. त्यामुळे नवी घ्यायची तर हीच घ्यावी लागते. हे परीक्षण एका कंपनीचं नाही. दहाचाकी, बाराचाकी, टिप्पर, सगळ्यांत जे सारखं आहे त्याचं आहे. कंपनी बदलली तरी सायलेन्सरच्या जागी बसलेला तो मोठा डबा काही सुटत नाही.

आधी जे चांगलं आहे ते. ताकद वाढली आहे यात वादच नाही. बोनेटवरचा आकडा वाचता आला की कळतं: २५१५ म्हणजे २५ टन आणि १५० हॉर्सपॉवर, २८२३ म्हणजे २८ टन आणि २३० हॉर्सपॉवर. २०१८ मध्ये एक्सलचं पासिंग (कायद्याने चालणारं वजन) वाढलं आणि दहाचाकी २५ वरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली, त्या वाढीव वजनासकट नवी गाडी चढाव जुनीपेक्षा वरच्या गिअरमध्ये काढते. स्टेअरिंग हलकं, क्लच हलका, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकमुळे पावसात रिकामी गाडी आडवी होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५-४६ च्या वर जातो, तेव्हा ही चैन राहत नाही. फक्त खदानीवर एसीचा जीव कोळशाच्या भुकटीत असतो. केबिन फिल्टर आठवड्याला झटकायचा, आणि कंडेन्सरच्या जाळीला हवा मारायची ती आतून बाहेर. बाहेरून मारली की भुकटी आणखी आत जाऊन बसते आणि दुपारी एसी नुसता पंखा होतो.

केबिनबद्दल एक तक्रार मात्र सगळ्यांची आहे. पूर्वी नुसती चेसिस घेऊन लाकडी केबिन इकडेच बांधायचे, त्यात झोपायला ऐसपैस फळी आणि शेगडी-भांड्यांचा कप्पा हक्काचा असे. आता चेसिसच्या एका बाजूला धूर साफ करणारा डबा, दुसऱ्या बाजूला डेफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची) टाकी, बॅटरी, हवेच्या टाक्या. टूलबॉक्स आणि पाण्याची टाकी लावायला जागाच उरत नाही. डिलिव्हरी घ्यायच्या आधी हे बघून ठेवा. मागून कप्पा लावायला गेलं तर तो डब्याला खेटून बसतो, आणि तो डबा तापतो किती ते पुढे आलंच आहे.

आता मुख्य दुखणं. या गाड्या लांब पल्ल्यासाठी घडवल्या आहेत. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबादकडे, किंवा समृद्धीने एका लयीत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला फारसा त्रास नाही. तीच गाडी खदानीतून आठ-दहा किलोमीटरवरच्या रेल्वे सायडिंगला (माल वॅगनमध्ये भरायच्या जागी) फेऱ्या मारायला लावली, आणि मधले तासन् तास वजनकाट्याच्या लायनीत इंजिन चालू ठेवून उभी केली, की वर्षभरात लाइटा पेटायला लागतात. डायवरचा प्रश्न साधा असतो: "गाडी तर चालून राहिली ना भाऊ, मग हा लाइट कायचा?"

कायचा ते असं. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या जाळीत अडकते. एक्झॉस्ट २५०-३०० अंशांच्या वर काही वेळ राहिला तर ती हळूहळू आपोआप जळते. आयडलिंगला आणि आखूड फेरीत तेवढी उष्णता येतच नाही. जाळी भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल टाकून तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळते. याला रिजनरेशन म्हणतात. मध्येच गाडी बंद केली तर ते अर्धवट राहतं, आणि दोन-चार वेळा अर्धवट राहिलं की मग उभ्या गाडीत बटण दाबून करावं लागतं.

ते करायची रीत अशी. गाडी मोकळ्या, सपाट जागी लावा, टिप्परचा डाला खाली, पीटीओ (डाला उचलायला इंजिनची ताकद देणारी जोडणी) बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पाण्याचा काटा मधोमध येईपर्यंत इंजिन तापू द्या. डिझेल पाव टाकीपेक्षा कमी असेल किंवा दुसरा कुठला फॉल्ट चालू असेल तर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. बटण दाबून धरलं की आरपीएम आपोआप चढतो. २० ते ४५ मिनिटं लागतात. तेवढा वेळ क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर कशालाच पाय लावायचा नाही. लागला की रिजन थांबतं आणि परत पहिल्यापासून. बटणाची जागा आणि क्रम मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो, डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या माणसाकडून प्रत्यक्ष करवून घ्या, आणि तेव्हा सोबत डायवर हजर असू द्या. नुसता मालक जाऊन चावी घेऊन येतो, आणि बटण कुठं आहे हे गाडी अडल्यावर शोधलं जातं.

आणि हे जिनिंगच्या आवारात कधीही करू नका. विदर्भात ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून लावायला पाहिजे. हिंगणघाट, वणी, यवतमाळच्या जिनिंगमध्ये जमिनीवर कापसाचे पुंजके उडत असतात, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी त्या वेळी वाळलेलं काहीही पेट घेऊ शकतं. कडबा, वाळलं गवत, लोंबती ताडपत्री, सगळं दूर. आवारात शिरण्याआधी रिजन रोखायचं बटण गाडीला असेल तर दाबा, बाहेर आल्यावर आठवणीने सोडा. ते दाबलेलंच राहिलं तर जाळी भरत जाते आणि दोष गाडीला मिळतो.

रिजनची वेळच येऊ नये यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडतात. दिवसातून एक तरी लांब फेरी द्या, वरोरा किंवा चंद्रपूर रस्त्याला अर्धा तास ५०-६० च्या एकसारख्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून. आणि लायनीत इंजिन बंद ठेवा. यावर डायवर म्हणतील, बंद केलं की हवा उतरते, ब्रेक जाम होतात, नंबर आला की प्रेशर भरेपर्यंत मागचे हॉर्न मारतात. म्हणून हवेची गळती आधी काढा. साबणाचं पाणी घेऊन पाइपांचे जोड, ब्रेक चेंबर आणि व्हॉल्व्ह तपासले की गळती सापडते. अर्ध्या तासात काटा फारसा हलला नाही तर गाडी बिनधास्त बंद करता येते.

जाळीत काजळीशिवाय राख पण साठते. ती इंजिन ऑइलमधून येते आणि रिजनने जळत नाही, जाळी काढून साफ करावी लागते. म्हणून ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं. स्वस्त ड्रममधलं ऑइल इथे फार महाग पडतं. तीच गोष्ट हायवेवर चोरून विकल्या जाणाऱ्या 'बायोडिझेल'ची. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असतं, बीएस-४ ला ५० चालायचं. कॅनमधल्या तेलात किती ते देवालाच ठाऊक.

दुसरा त्रास डेफचा. डेफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-सहा लिटर लागतं. ते उणे ११ अंशांना गोठतं म्हणे, ती काळजी आपल्याला मेळघाटातही नाही. आपली काळजी उन्हाची. ३५ अंशांच्या आसपास ठेवलेलं डेफ सहा महिन्यांत बाद व्हायला लागतं, आणि आपल्याकडे बादली केबिनच्या टपावर बांधलेली असते. बादलीवरची तारीख बघून घ्या, सावलीत ठेवा, अर्धी उघडी बादली खदानीवर न्यायचीच नाही. तेलाचं नरसाळं वापरायचं नाही.

आता तो नेहमीचा डोकेबाज उपाय. कृषी केंद्रात ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ती विरघळवून टाकीत ओतायची. तसं करू नका. शेतीच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा थर सक्तीचा आहे, शिवाय त्यात बाययुरेट आणि इतर अशुद्धी असते. नोझलवर पांढरा दगड बसतो, धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट मरतो, आणि आजकालच्या गाड्यांत डेफचा दर्जा तपासणारा सेन्सरच असल्याने दोन-चार तासांत गाडी चुगली करते. पाणी मिसळलं तरी तेच. वर अनुदानाचा युरिया शेताबाहेर वापरणं गुन्हा आहे तो वेगळाच. डेफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवू नका. फिरवली की ते पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातं. टाकी आधी रिकामी करून धुवा. निळं झाकण डेफचं, एवढं क्लीनरला पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

एक सवय मोडावी लागेल. गाडी बंद केली की डायवर लगेच बॅटरीचा कटऑफ ओढतात, जुन्या गाडीत ते चांगलंच होतं. नव्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं डेफचा पंप लाइनमधलं डेफ परत टाकीत ओढत असतो. कान दिला तर बारीक गूंऽऽ ऐकू येतं. तो आवाज थांबायच्या आधी कटऑफ ओढला, तर डेफ लाइनीत आणि नोझलमध्ये वाळून खडे होतात. डेफ पंप गेला, नोझल जाम झालं, अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथं सापडतं. वॉरंटीत बसलं तर ठीक, नाहीतर पाच आकडी बिल. नोझलवर पांढरा थर थोडाच असेल तर तो कोमट स्वच्छ पाण्यात विरघळतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

या सगळ्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी काय करते? आधी पिवळा लाइट. मग ताकद साधारण पाव हिस्सा कमी. मग थेट २० च्या स्पीडला बांधते. बहुतेक गाड्यांत ही शेवटची पायरी गाडी बंद करून परत सुरू केल्यावर लागते, म्हणून सूचना आली आणि जागा अडचणीची असेल तर इंजिन बंद न करता सुरक्षित जागी, जमल्यास पंपावर पोहोचा. सूरजागडच्या लोहखनिजाच्या रस्त्यावर, आलापल्लीच्या जंगलात, किंवा परतवाड्याहून धारणीकडे चढताना भरली गाडी २० ने सरपटायला लागली की मागे रांग लागते, आणि मोबाइलला रेंज नसते. कंपनीची 'दूरवरून फॉल्ट बघतो' ही सोय तिथं कामाची नाही. जुन्या गाडीत डिझेलच्या लाइनने हवा धरली तर पाना घेऊन हवा काढली की झालं. इथं कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो, चालू इंजिनावर पाइप सैल करायला गेलात तर डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते. मेकॅनिकला सुद्धा लॅपटॉप लागतो, आणि तो नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोल्याला. सिरोंचातून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. आमच्या मते गुण कापायचे ते इथं. यंत्र हुशार बनवलं याला हरकत नाही, पण तालुक्याच्या मेकॅनिकला साधा कोड वाचता यावा एवढी सोय कंपन्यांनी करायला हवी होती.

किरकोळ वाटणाऱ्या पण महागात जाणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. फाळक्याचं, डाल्याचं वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा, अर्थिंग वेल्डिंगच्या जवळच द्या. नाहीतर ईसीयू जळतो. धुलाईवाल्याला प्रेशरचं पाणी नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) आणि वायरिंगच्या कनेक्टरवर मारू देऊ नका. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचं पाणी रोज सोडा. लोड मोडचं (गाडी भरली की रिकामी त्याप्रमाणे ताकद बदलणारं) बटण असलेल्या गाडीत मालकाच्या सांगण्यावरून भरल्या गाडीला हलक्या मोडवर चालवलं तर एव्हरेज वाढत नाही, उलट गिअर पाडून पाडून डिझेल जातं. आणि सेन्सर फसवणारी डबी बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. बेकायदेशीर तर आहेच, पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटला ती उघडी पडते आणि वॉरंटी हातची जाते.

मग घ्यावी का? लांब लायन असेल, संत्री वरुड-मोर्शीहून दिल्ली-कोलकात्याकडे किंवा गोंदियाचा तांदूळ बाहेर न्यायचा असेल, तर बिनधोक घ्या; डायवर खूश राहतो. फक्त खदान ते सायडिंग हेच काम असेल, तर डीपीएफ, डेफ पंप आणि नॉक्स सेन्सरवर वाढीव वॉरंटी लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. त्या कागदावर तासांची मर्यादा आहे की नुसती किलोमीटरची, हे बघा. खदानीवरच्या गाडीचे किलोमीटर कमी आणि इंजिनचे तास जास्त भरतात.